तेल सावकाश चालतं

पिपरटोला उपकेंद्र
मंगळवार, सकाळी

प्रिय मुजफ्फरभाई,

हे पत्र दवाखान्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय. तू न वाचताच फाडशील अशी भीती आहे, म्हणून त्याला बजावलंय की आधी जमीलाभाभीच्या हातात दे. ती ते तुझ्यासमोर ठेवील आणि तू वाचून होईपर्यंत समोरून हलणार नाही, एवढी मला तिची ओळख आहे. मराठीत लिहितोय, कारण वरोऱ्याच्या शाळेने आपल्या दोघांना धड लिहायला एवढंच शिकवलं. अम्मीच्या उर्दूत लिहायला बसलो असतो तर दुसऱ्याच ओळीत माझी फजिती झाली असती. फोन तू घेत नाहीस. मिलच्या गेटवर आलो की तुझा माणूस सांगतो, शेठ बाहेर गेलेत, आणि तुझी मोटारसायकल मला कुंपणातून चांगली दिसत असते. दोन गावांत सहा किलोमीटरचं अंतर, आणि भावाने भावाला पत्र लिहायचं. लोक हसतील. हसू देत, आज मला कशाचंच काही वाटेनासं झालंय.

काम एकच आहे, आणि ते तुला माहीत आहे. दुपारी ऊन डोक्यावर आलं की ते कलेपर्यंत मिल बंद ठेव. हा उन्हाचा कडाका उतरेपर्यंत, बस. संध्याकाळनंतर रात्रभर चालव, मी हूं का चूं करणार नाही. गेल्या आठवड्यात मी तुला तुझ्या वजनकाट्यापाशी गाठलं, तेव्हा तू मजुरांच्या देखत म्हणालास, "तुयं तेल बदलून टाक, मायी मिल काऊन बंद करू?" आणि आत निघून गेलास. त्याचं उत्तर आज लिहितोय. शेवटपर्यंत वाच.

तुझं म्हणणं अगदीच खोटं नाही. जुनं खनिज तेल होतं तेव्हा तुझी मिल मे महिन्यातही दिवसभर चालायची आणि माझा ट्रान्सफॉर्मर कुरकुरत का होईना तग धरायचा. हिवाळ्यात आम्ही ते तेल काढून सोयाबीनपासून केलेलं तेल भरलं आणि उन्हाळा लागताच ताप चढला. गावात कोणालाही विचार, सगळे हेच सांगतील की रईससाहेबांनी खायचं तेल घातलं म्हणून डीपी तापते. आता खरं काय ते ऐक. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या असतात, त्या तापतात. त्यांच्याभोवतीचं तेल गरम होऊन वर चढतं, वरच्या नळीतून बाहेरच्या पंख्यांमध्ये, म्हणजे त्या पत्र्याच्या फासळ्यांमध्ये उतरतं, तिथे वाऱ्याने निवतं आणि खालून पुन्हा आत येतं. हे फिरणं म्हणजेच त्याचं थंड होणं. सोयाबीनचं तेल जरा जाड असतं. पाणी आणि पेज यांत जेवढा फरक, साधारण तेवढा. ते सावकाश चालतं, म्हणून उष्णता बाहेर आणायलाही वेळ घेतं. नवा ट्रान्सफॉर्मर असेल तर आतल्या वाटा रुंद ठेवतात आणि मग काही अडत नाही. मी नवाच मागितला होता. मला जुन्याच टाकीत नवं तेल मिळालं, आणि त्या टाकीतल्या वाटा पातळ तेलासाठी बांधलेल्या अरुंद वाटा आहेत. एरवी हेही चालून गेलं असतं. पण बाहेर सेहेचाळीस अंश, गावागावांत कूलर, आणि वर तुझी उन्हाळी धानाची मिल. सगळं एकाच वेळी त्याच्या छातीवर बसलंय.

मग हे तेल आणलंस कशाला, असं तू विचारशील. तू तरी विचारू नकोस, भाई. अब्बांना आपण कोणत्या अवस्थेत पाहिलं ते आठव. कापसाच्या जिनिंगच्या मागे तो ट्रान्सफॉर्मर फुटला आणि पेटतं तेल पावसासारखं त्यांच्या अंगावर आलं. नागपूरच्या दवाखान्यात तू त्यांच्या उशाशी आणि मी पायाशी बसायचो, कारण हात धरायला जागाच राहिली नव्हती. ते गेल्यावर तू त्यांच्या वर्कशॉपची हत्यारं विकून टाकलीस, धानाच्या धंद्यात गेलास आणि ट्रान्सफॉर्मरजवळ कधी फिरकला नाहीस. मी त्यातच राहिलो. या तेलाचा पहिला डबा आला तेव्हा मी तो तुझ्या अंगणात घेऊन आलो होतो. वाटीत ओतून पेटता काकडा त्यात बुडवला आणि तेल पेटलं नाही, काकडाच विझला. तू पुन्हा करून दाखवायला सांगितलंस. मग वाटी हातात घेऊन म्हणालास, अब्बांच्या वेळी हे पाहिजे होतं. त्या दिवशी भाभीने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. उपकेंद्राला जंगल लागून आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. तिथे मी पुन्हा पेट घेणारं तेल भरणार नाही. नोकरी गेली तरी नाही.

तेव्हा तेल बदलायचं नाही आणि बदलताही येणार नाही, कारण त्याला ट्रान्सफॉर्मर कितीतरी दिवस बंद ठेवावा लागेल. मला जे जमलं ते सगळं मी करून पाहिलंय. मंडपवाल्याकडून लग्नातले मोठे पंखे आणून फासळ्यांसमोर लावलेत, दोन कूलर लावलेत. येणारेजाणारे विचारतात, नवरदेव कुठाय? त्याने बाहेरून फासळ्या निवतात, पण आतलं तेल आपल्या चालीनेच बाहेर येणार, त्याला पंखा काय करणार? बाकीच्या दोन लाईन मी दुपारी बंद ठेवतो. त्या लाईनवरच्या गावांनी बैठक घेऊन स्वतःच सांगितलं की आमचं कापा, दवाखान्याचं राहू द्या. म्हातारी माणसं ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसतात आणि तक्रार करत नाहीत. तुझी मिल आणि दवाखाना मात्र एकाच लाईनवर आहेत. तुला तोडायचं तर दवाखाना तुटतो. तुझा वेगळा स्विच आहे तो तुझ्या कुंपणाच्या आत. वरच्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, ग्राहकाची वीज तोडायची असेल तर लेखी प्रस्ताव पाठव. प्रस्ताव फिरून येईपर्यंत दिवाळी येईल.

दवाखान्याची काय स्थिती आहे ते तू ऐकलं असशील, पण ऐकणं वेगळं. डॉक्टर अन्नपूर्णाबाईंकडे नवजात बाळांची एक लहानशी खोली आहे. सध्या तिथे तीन बाळं आहेत. दोघं जरा सावरलीत. तिसरी पोर दिवस भरायच्या फार आधी आली. तिला स्वतःहून नीट श्वास घेता येत नाही, नाकात बारीक नळ्या घालून मशीन तिला हवा देतं. ते मशीन विजेवर चालतं. जनरेटरचा एक भाग दुरुस्तीला नागपूरला गेलाय तो आलेला नाही, आणि बॅटरी म्हणशील तर चहा उकळेपर्यंत टिकते. चंद्रपूरला हलवायचं तर बाई साफ नाही म्हणतात, या उन्हात आणि या रस्त्याने ती पोहोचणार नाही. म्हणजे तिचा श्वास माझ्या ट्रान्सफॉर्मरवर आणि माझा ट्रान्सफॉर्मर तुझ्या मिलवर अवलंबून आहे. इतकं साधं आहे ते.

शनिवारी दुपारी तो ट्रिप झाला. गुंडाळ्यांचा ताप ठरलेल्या मर्यादेवर गेला की तो आपणहून बंद पडतो, जळू नये म्हणून. बंद पडला की तेल जाड असल्याने निवायलाही वेळ लावतं. मी दवाखान्याकडे धावलो. बाई रबराचा फुगा हाताने दाबून त्या पोरीला हवा देत होत्या. बाई थकल्या की नर्स, नर्स थकली की पोरीची आई. ती बाळंतपणातून पुरती उठलेलीही नाही, भिंतीला टेकून उभी होती आणि फुगा दाबताना ओठांनी मोजत होती. मी दारात उभा राहिलो. मी वीज खात्याचा माणूस, पण माझ्याकडे त्यांना द्यायला वीज नव्हती. शेवटी लाईन आली आणि मशीन सुरू झालं. पोर निळी पडली होती, ती हळूहळू परत लाल झाली. बाई मला व्हरांड्यात म्हणाल्या, "आज निभावलं. उद्याचं मी सांगू शकत नाही."

रविवारी मी गडचिरोलीला साहेबांच्या घरी जाऊन फिरता ट्रान्सफॉर्मर मागितला. तो सिरोंच्याकडे अडकलाय. हात हलवत परत आलो, तर उपकेंद्राच्या आवारात बायका. डोक्यावर हातभर अंतरावर उघड्या तारा, आणि खाली सात-आठ बायका घागरी घेऊन उभ्या. त्यांनी धानाची पोती, तुझ्याच मिलमधली रिकामी पोती, भिजवून ट्रान्सफॉर्मरच्या फासळ्यांना गच्च गुंडाळली होती, वरून सुतळीने बांधली होती. आपल्याकडे माठाला ओलं पोतं गुंडाळतात ना, तसंच. पुढे धुरपताबाई होत्या, त्या पोरीची आजी, बापाची आई. मी येईपर्यंत पोती उन्हाने खडखडीत वाळली होती आणि फासळ्यांत वारा शिरायला फट उरली नव्हती. ऐन मे महिन्यात तापलेल्या माणसाला गोधडीत गुंडाळावं, तसं झालं होतं. आतला काटा ट्रिपच्या खुणेला टेकत आला होता. मी हातानेच पोती ओरबाडली. तळवे भाजले, अजून फोड आहेत, अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळेच. बायकांना मी नको नको ते बोललो. धुरपताबाईंनी रिकामी घागर खाली ठेवली. म्हणाल्या, "माठाले गुंडाळतो तसंच गुंडाळलं जी. पोरीचा जीव त्याच्यातच हाये ना." ऑपरेटर सुकलूला विचारलं, यांना आत का सोडलंस, तर तो म्हणाला, साहेब, मलेही वाटलं थंड होईल. त्याचा तरी काय दोष? सगळेजण काहीतरी करायला बघतायत, आणि करण्यासारखं जे खरं आहे ते फक्त तुझ्या हातात आहे.

एक गोष्ट मी केलीय ती ऑफिसला ठाऊक नाही, तुला सांगतो. ट्रिपची मर्यादा मी थोडी वर सरकवलीय. या तेलात भिजलेला कागद, म्हणजे तारांवरचं आवरण, जुन्या तेलातल्यापेक्षा जास्त ताप सोसतो, एवढ्याच आधारावर. आता याच्या वर नेता येत नाही. आणखी वर नेलं आणि कागद करपला तर ट्रान्सफॉर्मर कायमचा जाईल, मग तासा-दोन तासांचा प्रश्न राहणार नाही. आज दुपारी, उद्या दुपारी, परवा दुपारी तो काटा तिथे पोहोचणारच. हवामानवाले सांगतायत की आठवडाभर हेच ऊन राहणार.

तुझीही अडचण मला कळते. सरकारी धान भरडून द्यायची मुदत डोक्यावर आहे, छत्तीसगडचे मजूर बसून राहिले तर निघून जातील, उकडा धान भिजत घातला की तो थांबत नाही. हे सगळं खरं आहे. पण मला असं वाटतं की तू मिल बंद करत नाहीस ते धानासाठी नाही, मी विनंती करतोय म्हणून. दुसरा कोणी इंजिनिअर असता आणि तुझ्या गेटवर आला असता तर तू त्याला खुर्ची दिली असतीस, ताक पाजलं असतंस आणि मिल बंद केली असतीस. दोन वर्षांपूर्वी त्या लग्नाच्या नोंदणीला मी साक्षीदार म्हणून सही केली, तेव्हापासून मी तुला मेलो. ठीक आहे. त्या सहीबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही, आणि त्यावरून भांडायला हे पत्र लिहिलेलं नाही. तू तिचं नाव घरात काढायचं नाही असा हुकूम केलास. भाभी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडते, आणि तू बाहेर रेडिओचा आवाज वाढवतोस. मला मोहल्ल्यातल्या बायका सांगतात. माझ्यावर हवा तितका राग धर, मी कुठे पळून जात नाही. पण तो या आठवड्यात बाजूला ठेव.

इथवर लिहून मी थांबलो होतो. वाटलं होतं एवढ्यावर पत्र बंद करावं, कारण मी शब्द दिला होता. काल संध्याकाळी मी त्या पोरीच्या आईला सांगितलं की मी मिलवाल्याला पत्र लिहिणार आहे. ती पोरीच्या काचेच्या पेटीला हात लावून बसली होती. म्हणाली, "चाचा, मायं नाव लिहू नका. पोरं हायेत एवढंच लिहा. कोणाची हायेत हे आयकून मिल बंद केली, तर ते मले नाई पायजे." मी हो म्हणालो. रात्रभर त्या होकाराने मला झोपू दिलं नाही. तिचं म्हणणं बरोबर आहे, भाई, तुझी मुलगी आहे ती, वाकायची नाही. बाकीच्या दोन बाळांसाठीच तू मिल बंद करायला हवी होतीस, आणि तू तसं करशील याचा मला भरवसा उरला नाही, हे लिहिताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय. पण तिचा शब्द राखला आणि दुपारी ती पोर गेली, तर मी तुला काय सांगू? तेव्हा ऐक. धुरपताबाईंची सून म्हणजे अरीबा. तिचा नवरा धनराज तिच्यापाशी सतत बसून आहे, त्याने चार दिवसांत धड जेवण केलेलं नाही. ती पेटीतली मुठीएवढी पोर तुझी आणि भाभीची नात आहे. अजून तिचं नाव ठेवलेलं नाही, कारण नाव ठेवायची दोघांना भीती वाटते. मी तुला सांगितलं हे अरीबाला कळणार नाही, तूही कळू देऊ नकोस. येऊ नकोस, लिहू नकोस, कबूल काही करू नकोस. तुझी मिल बंद झाली की माझ्या पॅनेलवरचा लोडचा काटा एकदम खाली येतो, मला तेवढ्याने कळेल. ऊन चढायला लागलंय. मी खुर्ची ओढून त्या काट्यासमोर बसलोय.

तुझाच,
रईस